वाचून दाखवा, मग आत या

बाईंचा घटनादुरुस्तीचा तास शाळेत दरवर्षी गाजतो. नागरिकशास्त्र म्हणजे डुलकीचा विषय, पण बाईंच्या वर्गात डुलकी काढायची कुणाची छाती नाही. त्या दिवशी बाई वर्गाच्या दारात टेबल आडवं लावतात, हातात एक कागद धरतात आणि म्हणतात, "वाचून दाखवा, मग आत या." कागदावर जुन्या कायद्यातला उतारा असतो, भल्याभल्यांची बोबडी वळवणारा. अडखळला तो बाहेर. मग आतल्यांनी मत द्यायचं, ही अट ठेवायची की काढायची? दोन तृतीयांश हात वर झाले की अट गेली आणि बाहेरचे आत आले. हक्क कसा वाढतो, हे मुलांना एका तासात कळतं. बावीस वर्षांत ती अट एकदाही टिकलेली नाही.

तो उतारा बाईंनी कुठून आणला, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. त्यांची आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. ज्याला वाचता येईल त्यालाच मत, असा त्यांच्या देशात तेव्हाचा नियम. दहा वर्षांच्या लेकीने चार महिने आईला अक्षरं शिकवली, इस्त्रीच्या टेबलावरच, चादरींवर छापलेल्या वॉर्डांच्या नावांपासून. मतदानाच्या दिवशी दोघी हात धरून बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. आईने हाच उतारा हातात घेतला. दोन ओळी नीट वाचल्या. तिसरीत 'उपरिनिर्दिष्ट' आला. "उपरि... उपरिनि..." टेबलामागचा तरुण कारकून मान वर न करता म्हणाला, "पुरे. पुढची." मागची रांग फिदीफिदी हसली.

पाच वर्षांनी दुरुस्ती झाली आणि वाचनाची अट गेली. लेक धावतपळत सांगायला आली, तर आई म्हणाली, "आता कशाला गं?" आणि चादरीची घडी घालत राहिली. ती पुन्हा मतदानाला गेलीच नाही. मरेपर्यंत नाही. बाईंनी त्या कारकुनाचा चेहरा मनात जपून ठेवला, डाव्या भुवईतल्या मोठ्या काळ्या मसासकट. कधीतरी हा माणूस माझ्या तावडीत सापडू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

यंदा बाईंनी मुलांना सांगितलं होतं, तो जुना नियम पाहिलेलं घरातलं कुणी मोठं माणूस असेल तर घेऊन या. आलं एकच. पहिल्या बाकावरची चुणचुणीत मुलगी आजोबांचा हात धरून घेऊन आली. "बाई, आजोबा तेव्हा मतदानाच्या खोलीतच कामाला होते!" भुवईतला मस आता पांढऱ्या केसांत होता. पण होता.

बाईंनी हातातला कागद पुढे केला. आनंदाने, दुसरं काही नाही.

नात वाचून आत गेली. आजोबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "चष्मा घरी राहिला हो बाई."

"चष्म्याची सवलत नियमात नाही," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "बाहेर उभे राहा."

आजोबा हसत हसत नापास झालेल्या नऊ मुलांच्या शेजारी, भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंनी ठरवून टाकलं, आज मत घ्यायचंच नाही. इतिहास सांगत बसायचं, घंटा होईपर्यंत. उभा राहू दे म्हातारा, दुखू देत पाय.

पण बाईंनीच तयार केलेला वर्ग तो. दहा मिनिटांतच नात उठली. "बाई, मी दुरुस्ती मांडते. वाचनाची अट काढावी." आतल्या सत्तावीसांपैकी अठरा हात हवे होते, एकवीस वर झाले. बाईंनी दोनदा मोजले. दोन्ही वेळा एकवीसच. आजोबा आत आले आणि नातीशेजारी ऐसपैस बसले.

बाईंचं डोकं सणकलं. त्यांनी कागद उचलला आणि वाचायला लागल्या, आई वाचायची तसं, एकेका शब्दावर बोट ठेवत. तिसरी ओळ आली.

"उपरि... उपरिनि..."

"पुरे. पुढची!" आजोबा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. "बघा, अजून तोंडात बसलंय! तिथेच अडकायच्या सगळ्या. मुद्दामच काढला होता आम्ही तो उतारा. दिवसाला वीस-पंचवीस परत जायच्या."

"त्यातली एक माझी आई होती," बाई म्हणाल्या. "तिच्यासोबत एक लहान मुलगी होती. आठवते?"

आजोबांनी खरंच आठवून पाहिलं. "कसं आठवणार बाई? मी वर बघतच नव्हतो."

कुणीच हसलं नाही. नात बाकावर हळूहळू सरकत पार दुसऱ्या टोकाला गेली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू ओठांवरच विरलं. बाईंना बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

नात उभी राहिली. मोठ्याने म्हणाली, "बाई, केलेली दुरुस्ती मागे घेता येते का? आजोबांना परत बाहेर पाठवायचंय."

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते त्या पोरीने आयतं हातात आणून ठेवलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. बाईंनी दाराबाहेरच्या त्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात एकदा आत घेतलेल्याला बाहेर काढत नाहीत. बसू दे त्यांना."

आजोबा घाईने उठू लागले. "मी आपला निघतोच..."

"बसा!" बाई कडाडल्या. "उतारा अजून संपलेला नाही."

आजोबा बसले. बाईंनी कागदावरचं बोट उचललं आणि 'उपरिनिर्दिष्ट'पासून पुढच्या सगळ्या ओळी, ज्या आईला कधी वाचूच दिल्या नव्हत्या, आजोबांच्या तोंडाकडे बघत, एकदाही न अडखळता वाचून काढल्या.