दर्या पाहायला नेलेली दोन पोरं

ती घटना आठवली की आजही हातातला घास हातातच राहतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कुजलेली प्रेतं विहिरीतून वर काढली. ती प्रकरणं आपापल्या आरोपीबरोबर तुरुंगात गेली. हे एक गेलं नाही. नाव कुणाचंच देणार नाही, कारण त्या घरातली माणसं अजून सणसरच्या बाजूला नांदत आहेत.

दुसरी लढाई पेटायच्या आधीची गोष्ट. मी इंदापूर ठाण्याला फौजदार होतो. उन्हाळ्याच्या अखेरीला निरवांगीचा पोलीस पाटील एका तरण्या शेतकऱ्याला घेऊन ठाण्यात आला. त्या शेतकऱ्याची बहीण सणसरकडे दिलेली. मेहुणा कालव्याखालचा बागाईतदार, ऊस आणि भाजीपाला करणारा.

"साहेब, माझ्या भाच्यांचा बळी दिलाय त्यानं," तो म्हणाला.

मी त्याला खाली बसवलं, पाणी दिलं आणि सुरुवातीपासून सांगायला लावलं. हकिगत अशी होती. गुऱ्हाळ उरकल्यावर मेहुण्याने बायकोपोरांना दर्या दाखवायला नेलं. सहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि अंगावर पिणारं एक बाळ. बारामतीहून छोट्या गाडीने दौंड, तिथून पुढे मुंबई आणि आगबोटीने कोकणातलं एक बंदर. त्या काळी आमच्याकडचा माणूस देवाला जाई, लग्नाला जाई. नुसतं बघायला म्हणून कुणी जात नसे. गावाने चेष्टा केली होती, "पाणीच बघायचं तर पाट काय थोडा हाय?" पण मुलीने हट्टच धरला होता. परत आली ती नवराबायको आणि बाळ. किनाऱ्यावर शिंपल्या वेचणाऱ्या एका बाईने दोन्ही पोरं पळवली, असं नवरा सांगत होता. आल्यापासून तो वेड्यासारखा स्वतःची विहीर खणत सुटला, आणि जुन्या जाणत्यांनी कोरडी ठरवलेल्या त्या विहिरीला अक्षय तृतीयेच्या सुमारास पाणी लागलं.

झालं. गावाला एवढं पुरतं. पाणी लागलं ते पोरांच्या रक्ताने, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं.

असल्या बातमीवर माझा कधी विश्वास बसला नाही. लोकांना दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी सहन होत नाही, हा माझा अनुभव. पण एक गोष्ट मलाही खटकली. पोरं चोरीला गेली तर बाप आधी पोलिसात धावतो. मी मुंबईला आणि कोकणात विचारणा केली. कुठल्याच ठाण्यात पोरं पळवल्याची खबर नव्हती. बायकोला मात्र त्याने, पोलिसात खबर दिली, असं सांगितलं होतं.

त्याला आणवला. चाळिशीच्या आतला, रापलेला, हाताला कुदळीचे घट्टे. चौकशीत मी ओरडत नसे. आमचे हवालदार पट्ट्यावर विश्वास ठेवणारे, त्यांना मी बाहेर बसवलं.

"ती बाई कशी होती?"

"हिरवं लुगडं. नाकात नथ. हातात टोपली."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच. चौथ्या खेपेला विचारलं, तेच, त्याच क्रमाने. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो आणि भर घालता घालता सापडतो. हा भर घालत नव्हता. म्हणजे अशी बाई तिथे होती, त्याने ती पाहिली होती. मग खोटं कुठे आहे, ते मला कळेना.

"पोरांच्या अंगावर काय होतं?" मी सहज विचारलं.

तो बोलायचा थांबला.  नंतर नुसता म्हणाला, "मला कैदंत घाला, साहेब."

"केलंस काय ते सांग, मग घालतो."

"घाला म्हंतो न्हवं!"

निर्दोष माणूस कैद मागत नाही आणि खुनी तर मुळीच मागत नाही. हवालदार म्हणाले, हा फाशीच जाणार. तरी त्या दिवशी मलाही तसंच वाटलं.

मग विहिरीचा पंचनामा करायचं ठरलं. तळ तपासायचा होता. पंच घेतले, पाणी उपसायला दोन मोटा लावल्या आणि त्याला बरोबर नेलं. सकाळची वेळ. शेजारच्या रानात कालव्याच्या पाण्याची पाळी होती आणि शेजारीण उसाला दारं धरत होती, म्हणजे खोऱ्याने माती ओढून एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीला वळवत होती. हे काम करणाऱ्या बाईचं लक्ष पाण्यावर असतं, म्हणून लहान पोरांना आधी उंच बांधावर बसवून द्यायचं आणि बजावायचं, हाक मारेपर्यंत उठायचं नाही. खाली चिखल, पाणी, साप. त्या भागातलं पोर चालायच्या आधी हे शिकतं. त्या बाईचीही दोन पोरं बांधावर मांडी घालून बसली होती. इतके पोलीस, इतकी गर्दी, मोटेचा आवाज, तरी ती उठली नाहीत. नुसत्या माना वळवून बघत होती. मला त्यांचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात आमचा आरोपी शिपायाच्या हाताला हिसका देऊन पळाला. पळून जातोय म्हणून आम्ही धावलो. तो गेला थेट त्या बांधाकडे.

"उठा! उठा रं! बसू नका!" तो ओरडत होता. त्याने दोन्ही पोरांना काखेत धरून उचललं आणि उसातून, पाण्यातून धावत रस्त्यावर आणून उभं केलं. पोरं भेदरून रडायला लागली. तो मातीत बसला आणि ओरडायचा थांबेना. "उठायचं की गं माझे बाय! मी बस म्हनलो म्हनून बसायचं व्हय?"

विहिरीत काही मिळालं नाही. मिळायचं ते मिळून गेलं होतं. तिथेच, त्याच रस्त्यावर त्याने सगळं सांगितलं.

ते बंदरात उतरले तेव्हा समुद्र ओसरलेला होता. आमच्या माणसाला भरती-ओहोटी ठाऊक नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे कालवा. ते सुटायच्या आधी पाटकरी सांगून जातो, आणि एकदा बंद झालं की पुढची पाळी येईतो बंद.

"पानी लांब गेल्यालं, साहेब. म्हनलं, बंद झालं. आता सुटंल तवा सुटंल."

ओल्या वाळूच्या पलीकडे एक सपाट खडक होता. पोरांचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून त्याने त्यांना त्या खडकावर बसवलं, भाकरी दिली आणि बजावलं, "आयला घिऊन येतो, तवर उठायचं न्हाय." जवळ ती शिंपल्या वेचणारी बाई होती. बायको वर धर्मशाळेत बाळाला पाजत होती. ती म्हणाली, जरा निजू दे त्याला. हाही टेकला. आदल्या दिवसाचा बोटीचा प्रवास, डोळा लागला.

परत गेला तेव्हा वाळू नव्हती. खडक नव्हता.

त्याने पाण्यात उडी घेतली, कोळ्यांनी ओढून काढला. बायकोला काय सांगावं त्याला सुचेना. अंगावर बाळ, खाली समुद्र; खरं कळलं तर ती बाळासकट उडी घेईल, असं त्याला वाटलं. त्याच्या तोंडून निघून गेलं की ती बाई पोरांना घेऊन मुंबईच्या बोटीत बसली. मग तिला घेऊन त्याच संध्याकाळी तो मुंबईला गेला आणि जी पोरं तिथे नाहीत हे त्याला ठाऊक होतं, ती बायकोबरोबर रस्तोरस्ती शोधत फिरला.

नुसत्या जबाबावर प्रकरण मिटत नाही. मी स्वतः त्या बंदरावर गेलो. दोन लहान प्रेतं शेजारच्या गावाच्या खाडीत लागली होती. वारस नाही म्हणून गावकऱ्यांनी सुरूच्या झाडांखाली पुरली होती. एक म्हातारा कोळी भेटला. त्याने होडीतून पोरांना पाहिलं होतं.

"पाणी ढोपराएवढं होतं तवा बोंबललो, उठ गो, पल किनाऱ्याला," तो म्हणाला. "पोरीनं बघितलं. हातानं नाय म्हणाली. भावाला मांडीवर घेतलान् आणि बसून राहिली. रडलीसुद्धा नाय." वाटेत फुटणाऱ्या लाटांमुळे त्याची होडी खडकाशी पोचू शकली नाही.

मी पुष्कळ जबाब लिहिले आहेत. तो लिहिताना मला दोनदा टाक खाली ठेवावा लागला.

आता राहिली आई. ती निरवांगीला भावाकडे होती. भावाचं ती ऐकत नसे. पोरं जिवंत आहेत, कुठेतरी भाकरी मागत आहेत, असंच धरून होती. नवऱ्याला घेऊन मी गेलो. त्याला बोलवेना, म्हणून मीच सांगितलं. खडक, पाणी, कोळी, सुरूची झाडं. यात कुणाचा गुन्हा नाही, हेही सांगितलं. भाऊ भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

ती रडली नाही. बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली.

"शिमग्यापास्नं त्या बाईला रोज सकाळी शिव्या देत हुते," ती म्हणाली. "तिचं वाटुळं व्हावं म्हनून देवाला सांगत हुते. आन् तुमी म्हंता, तिनं काय केलंच न्हाय. मग आता शिव्या कुनाला देऊ?"

"मला दे," नवरा म्हणाला.

"तुमास्नी कशापायी?" तिने मान वर केली. "गेल्या साली पोरगी बांधावरनं उठली हुती. करडू पाटात पडलं म्हनून काढाया गेली. म्या चिंचंच्या फोकानं पोटऱ्या फोडल्या तिच्या. त्या दिसापास्नं ती उठली न्हाय कंदी."

 

आमच्या खात्यात म्हणायची पद्धत आहे, खरं कळलं म्हणजे माणूस मोकळा होतो. मीही पूर्वी असं पुष्कळांना ऐकवलं होतं. त्या घरात खरं कळलं आणि एकाच्या डोक्यावरचा दगड दोघांच्या डोक्यावर गेला. हलका कुणाचाच झाला नाही. पोरांना वळण लावावं, सांगितलेलं ऐकायला शिकवावं, हे मी आजही नाकारत नाही. पण एखादं पोर फार शहाण्यासारखं बसलेलं दिसलं की काहीतरी निमित्त काढून मी त्याला उठवतो. या प्रकरणाने मला काय शिकवलं म्हणाल तर एवढंच. याहून मोठं काही शिकलो असं म्हणणं खोटं होईल.

अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद केले. बाई नवऱ्याकडे परत गेली. बदली होईपर्यंत फेरीवर असताना कधी कधी त्या रानावरून माझा घोडा जाई. पाण्याची पाळी असली की ती दारं धरताना दिसायची. एका हाताने खोरं ओढायची आणि दुसऱ्या हाताने ते धाकटं पोर कडेवर धरलेलं असायचं. ते पळण्याएवढं झालं तरी कडेवरच. पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे, ती वाकून जायची, घामाने भिजायची. शेजारी बांध उंच आणि कोरडा होता. पण त्याला तिथे बसव, असं तिला कुणी कधी म्हणालं नाही.