दाराकडे पाहणारी ताई

टर्पेंटाइनचा वास आला की मला अमरावतीच्या घरातली मागची खोली आठवते. मी चित्रकला शिकत होतो आणि मोठी बहीण अकोल्याहून, सासरहून, आठ दिवसांसाठी आली होती. वर्गात दाखवायच्या चित्रासाठी मी तिला खुर्चीत बसवलं. चार दुपारी, कूलरच्या घरघरीत, ती पदराचं टोक मुठीत आवळून दाराकडे बघत बसली आणि मी ते जसंच्या तसं रंगवलं. सरांनी वर्गाला चित्राचा अर्थ सांगितला, "दार म्हणजे वाट पाहणं. ही नवऱ्याच्या ओढीनं बसलेली स्त्री आहे." मी खूश होऊन चित्र घरी आणलं. फुलं द्यायला येणारी भातकुली गावची मावशी ते पाहून थबकली. "अरे बाप्पा, ताई तं भेवून राहिली याच्यात! तुले दिसत नाही काय?" मी हसून तिला सरांचा अर्थ ऐकवला. दुसऱ्या दिवशी ताईचा नवरा आला आणि ती निमूटपणे बॅग उचलून त्याच्यामागे गेली. दोन महिन्यांनी अकोल्याहून फोन आला. ताईनं स्वतःला संपवलं होतं. आता या वयात आठवू पाहतो, तेव्हा त्या चार दुपारींत मी तिच्याशी बोललेलं एकच वाक्य सापडतं, "ताई, हलू नको."