तरवडाची माळ

नवरात्रात कडेगावच्या एसटी स्टँडबाहेर ती बसायची. माण तालुक्यातली, साठीच्या आसपासची, पुढ्यात पोत्यावर तरवडाची पिवळी फुलं. आमच्याकडं घटाला तरवडाची माळ लागतेच. पूर्वी ही फुलं आमच्याच पडीक रानात मिळायची. तरवडाला पाणी लागत नाही, आणि शेरडंही त्याला तोंड लावत नाहीत. मग कालव्याचं पाणी आलं, पडीक रानात ऊस उभा राहिला, आणि आम्ही देवीची फुलं दुष्काळी भागातून विकत घ्यायला लागलो.

शेजारचा झेंडूवाला आपल्या फुलांवर सारखं पाणी मारायचा. त्याचे शिंतोडे हिच्या पोत्यावर उडाले की ही पदरानं एकेक फूल टिपायची. "ह्यास्नी सवय न्हाई," म्हणायची. त्यापलीकडं भांडण नाही.

गेल्या वर्षी माझी माळ ओवताना म्हणाली, "पुढल्या साली वाट बघू नगा. आमच्याकडं बी पाणी आलंय."

"मग तरवड?"

"जेसीबीनं काढला. ल्योक ऊस लावतोय."

मी चेहरा शक्य तेवढा पाडला. "वाईट वाटलं असेल तुम्हाला."

तिनं दोऱ्याला गाठ मारली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमास्नी वाटलं व्हतं का?"

मी माळ पिशवीत ठेवली. आमच्या रानात जेसीबी आला, त्या दिवशी मी ड्रायव्हरला पेढे दिले होते.