दमलेला राजा

सौदीतल्या धाहरानच्या आमच्या मराठी नाटक मंडळाचे किस्से म्हणजे एसीच्या जाळीवरची धूळ. आज पुसा, उद्या पुन्हा तेवढीच! मी जन्मभराचा बातमीदार, निवृत्तीनंतर इथे लेकीकडे येऊन राहिलेला. या वर्षी ही धूळ थेट माझ्या नाकात गेली, कारण मिलिंदचे वडील आले.

मिलिंद इंजिनिअर, आणि मंडळाचा हिरो. वडील भाऊसाहेब म्हणजे रंगभूमीवरचं मोठं नाव. आणीबाणीत आम्ही अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध करत होतो, तेव्हा हे गृहस्थ सरकारी ट्रकवर उभे राहून गावोगाव 'दोन मुलं पुरेत'ची भाषणं ठोकत होते. अशा माणसाचा मंडळाने सत्कार ठरवला! भाषण मिलिंदकडे. तो मला म्हणाला, "काका, आधी बाबांना विचारणार, तेव्हा का वाकलात? उत्तर मिळालं तरच बोलेन."

*

भाऊसाहेबांनी बालनाट्याची संहिता आपणहून मागून घेतली. कुठलं वाक्य अंगाशी येईल ते त्यांना म्हणे वासावरून कळतं. परत आली तेव्हा 'राजा दुष्ट होता' खोडून 'राजा दमलेला होता' केलेलं. इथे संहिता तपासायला कुणी मागितलीही नव्हती!

प्रयोगात प्रजेने ठरल्याप्रमाणे बंड केलं. एका दमलेल्या माणसावर.

*

मोठ्यांच्या नाटकात मिलिंद लाचार प्रधान. तालमीत भाऊसाहेब पहिल्या रांगेतून उठले. "कंबर नंतर. आधी नजर वाकते." आणि करून दाखवलं.

हॉलभर टाळ्या. मिलिंदने वाजवल्या नाहीत.

*

मग मीच तोंड उघडलं. म्हटलं, आमचा कोरा अग्रलेख आठवतो का?

"आठवतो तर," भाऊसाहेब म्हणाले. "इतकं मुद्देसूद तुम्ही पुन्हा कधी लिहिलं नाहीत."

*

सत्काराच्या संध्याकाळी कोकणातले फिटर कंपनीच्या बसने येऊन बसले होते. विंगेत माझ्यासमोरच मिलिंदने बापाला गाठलं. "त्या ट्रकवर का चढलात, बाबा?"

भाऊसाहेबांनी शालीची घडी मोडली, पुन्हा घातली. नाही म्हटलं असतं तर नाटकं बंद पडली असती, म्हणाले. "घरात तुझ्या दोन बहिणी होत्या."

"म्हणून एकदाही विरोध केला नाहीत?"

"केला की. दोन पुरेत म्हणून घसा फोडत होतो, त्याच वर्षी तू झालास."

तिसरी घंटा झाली. मिलिंद माइकपाशी गेला.

"नमस्कार. मी मिलिंद. माझ्या बाबांनी आणीबाणीचा केलेला एकमेव निषेध."