फळ्यांसाठी गाऱ्हाणं

आमच्या घरी पाहुण्याच्या हातात चहाआधी पत्रक पडायचं. वडील कामगार संघटनेत होते, आणि शाई वाळायच्या आत मी ती पत्रकं वाचून काढायचो. त्यामुळे इंजिनिअर होऊन आखातात फुजैराला गेलो, तेव्हाही माझी पक्की समजूत होती की अन्याय दिसला की त्याच्याविरुद्ध एक पान छापायचं. तिथे संपाला बंदी होती. पान वाटणाऱ्याचा व्हिसा रद्द करून त्याला विमानात बसवत.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बंदरावरच्या तेलाच्या टाक्यांपासून डोंगराच्या दिशेने पाइप टाकायचं आमचं काम. चर दोन पुरुष खोल, आणि दोन्ही बाजूंना नुसती वाळू आणि गोटे. अशा चराच्या भिंतींना फळ्या लावतात आणि मधे आडवे टेकू ठोकतात, म्हणजे भिंत अंगावर येत नाही. आमच्या मॅनेजरांनी आमच्या फळ्या उचलून दुसऱ्या साइटवर पाठवल्या होत्या.

मॅनेजर पुण्याचे. मला म्हणाले, "अरे, दोन आठवड्यांत परत येतील. जमीन घट्ट आहे. तोवर हा टप्पा उरकून घे. यल्ला, चल लवकर."

"सर, खाली माणसं उतरणार आहेत."

"मग काय उंट उतरवू?"

उतरणारी माणसं सिंधुदुर्गातली. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, आवाज देवळातल्या घंटेसारखा.

काम तपासायला तेल कंपनीच्या वतीने एक ब्रिटिश इन्स्पेक्टर असे. वय तिशीचं. कुवेतच्या लढाईत तो सैन्यात तरुण अधिकारी होता, म्हणून आमची गँग त्याला कप्तान म्हणायची. मी रागाने धुमसत त्याच्या पिकअपपाशी गेलो. त्याने मला आत बसवलं, तिथल्या कडक, दुधाळ करक चहाचा कागदी कप हातात दिला आणि चराकडे बघत बोलायला लागला.

लढाई सुरू होण्याआधी ते वाळवंटात खंदक खणून राहिले होते. तो तेवीस वर्षांचा, हाताखाली तीस माणसं. सगळ्यांचे कान तोफांकडे. आणि एका शांत दुपारी, कुठे काही आवाज नसताना, खंदकाची भिंत खाली बसली. पोत्यातून पीठ सांडावं तेवढाच आवाज. तिच्याखाली एक शिपाई गेला. त्यांनी हातांनी, जेवणाच्या डब्यांनी वाळू उपसली. माणूस जिवंत निघाला. "पुढे लढाईत तो तोफांना घाबरला नाही," कप्तान म्हणाला, "पण कुठे वाळू सरकल्याचा आवाज आला की जेवता जेवता उठून उभा राहायचा."

"मग थांबवा ना हे काम!"

"तुझा मॅनेजर लिहून देतो, जमीन घट्ट आहे, कामगारांची काही तक्रार नाही. खाली उतरणारा एक तरी माणूस माझ्यासमोर तक्रार करू दे. पुढचं मी बघतो."

संध्याकाळी मी गँगच्या खोलीवर गेलो आणि कप्तानाचं म्हणणं सांगितलं. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पत्रक काढू, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊ, असं म्हणालो. मुकादम भाकरी थापत होता.

"सही केली की उद्या तू विमानात आणि परवा आमी. झिला, तुजा पत्रक वाचूक मुंबयच्या विमानतळार लय टायम गावतलो."

सगळे हसले. मी चिडून म्हणालो, "म्हणजे गप्प उतरणार?"

"गप्प रवतलंव असा कोण बोललो? उद्या नव्या टप्प्याचो नारळ आसा ना? तुज्या कप्तानाक घेवन ये."

नव्या टप्प्याला नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायची गँगची रीत होती. मॅनेजरांना ती फार आवडायची. इस्त्रीचा शर्ट घालून ते सगळ्यांच्या पुढे हात जोडून उभे राहायचे. दुसऱ्या दिवशीही राहिले. कप्तान टोपी काढून माझ्याजवळ उभा होता.

मुकादमाने चराच्या कडेला नारळ धरला आणि आवाज लावला.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!" गँग गरजली.

"तुजी लेकरां ह्या परमुलखात पोट भरूक इली आसत, महाराजा!"

"व्हय महाराजा!" मॅनेजरही म्हणाले.

"आज ती ह्या चरात उतारतत. दोनय बाजूक रेती आसा, आणि फळयो नाय, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मॅनेजरांचे ओठ अर्ध्यावर थांबले.

"फळयो येयसर एकाचोय पाय चरात पडता नये, महाराजा! आणि जो कोण तेंका फळयांशिवाय उतरवूक बघता, तेका चांगली बुद्धी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" हे सगळ्यात मोठं होतं. मीही ओरडलो.

"काय म्हणतायत?" कप्तानाने विचारलं. मी शब्द न शब्द सांगितला, फळ्या येईपर्यंत कोणाचा पाय चरात पडू नये, इथपर्यंत.

मॅनेजर घाईने इंग्रजीत म्हणाले, "प्रार्थना आहे. रोजचीच."

"देवाकडे केलेली तक्रार तक्रारच असते," कप्तान म्हणाला, "आणि मी ती ऐकली आहे. काम बंद." त्याने टोपी घातली.

मुकादमाने नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा मॅनेजरांच्या हातावर ठेवला, आणि गँग चराकडे पाठ करून सावलीत बसली. कोणावर बोट ठेवणार? नारळाला तर मॅनेजर स्वतः हात जोडून उभे होते. ते दोनदा "खलास, आता पुरे" म्हणाले, मग फोन करायला केबिनमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यांचा ट्रक आला.

त्याच आठवड्यात, खाली पाइप जोडत असताना भिंतीतून वाळू सुटली. मी वर काठावर होतो. फळ्या करकरल्या, एक टेकू वाकला, पण धरून राहिला. माणसं शिव्या देत शिडीने वर आली. मी प्रत्येकाच्या दंडाला हात लावून बघितला. सगळे होते.

मॅनेजर धावत आले. चेहरा पांढराफटक. मुकादमाने डोक्यातली वाळू झटकली.

"सायबानू, देवान आयकल्यान हां."

मॅनेजरांनी काठावरून वाकून तो वाकलेला टेकू बघितला. मग म्हणाले, "अजून टेकू मागवतो."

"मागवा," मुकादम म्हणाला, आणि ते येईपर्यंत कोणी उतरलं नाही.