मीठ संपलंय

जालन्याच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात भेटलेल्या गृहस्थांना जनरेटर हवा होता. जीपमागं छोटा ट्रेलर ओढत, त्यातच रांधत-झोपत, नवराबायको देश फिरणार होते.

"भाऊ, आमची मंडळी लई हळू बोलती," मला स्टुलावर बसवत ते म्हणाले. "मशीनच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू आलं न्हाई, तर ती येणार न्हाई म्हणती. तुम्ही जरा मंडळी व्हा."

मी नुसता पंखा दुरुस्तीला टाकायला गेलो होतो. तरी मंडळी झालो. दुकानदार एकेक मशीन चालू करी, मी पुटपुटे, "अहो, मीठ संपलंय." ते डोळे मिटून, कानामागं हात धरून ऐकत आणि नकारार्थी मान हलवत. शेवटी मी कंटाळलो आणि चक्क ओरडलो.

"बिलकुल बराबर! हेच द्या!"

मशीन आडवं होऊन तेल सांडू नये म्हणून त्यांनी ते मंडळींच्या जुन्या लुगड्यानं जीपमध्ये उभं बांधलं, हळदकुंकू वाहिलं आणि खुशीत बदनापूरच्या रस्त्याला लागले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पण भाजी अळणी लागली की ते नवराबायको आठवतात. कुठंतरी ट्रेलर उभा असेल, मशीन धडधडत असेल, ती सांगत असेल, आणि ते नुसते हसून जेवत असतील.