बिनचहाचे व्याही

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दिल्ली सरकारशी एकट्यानं भांडण मांडलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मी चौथी नापास. तरी हे लिहायला बसलो, कारण त्यांच्याबद्दल दुसरा कोणी लिहील तर चुकीचं लिहील.

लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हाच ठिणगी पडली. सुनेनं बापापुढे चहा ठेवला, त्यांनी कप हळूच मागे सरकवला. व्याही चहा नाकारतो म्हणजे काय! माझी बायको स्वयंपाकघरात रडायला लागली. तिला वाटलं, पोरगी परत न्यायला आले. मी विचारलं, "काऊन हो इवाईबुवा, आमच्यात काई खोट दिसली काय?"

"खोट चहात हाय," ते म्हणाले. "पत्तीवर कर लागते. त्या करातून तोफा घेतात. मी नाई देत."

"अहो, एका कपात तोफेचं काय येणार?"

"खिळा तरी येते न."

रोहिणखेडकडे वांगी-मेथी पिकवणारा हा साधा माणूस. एके दिवशी पेपरात वाचलं की सरकार आणखी तोफा अन् विमानं घेऊन राह्यलं, तेव्हापासून कर लागणारी वस्तू घरात येणं बंद. अंगाला साबणाऐवजी रिठा. पायात जुन्या टायरची चप्पल, तीही स्वतः कापलेली. त्यांच्या बायकोनं तीस वर्षं सांगून न सुटलेली बिडी तोफेनं एका दिवसात सोडवली. माचीस नको म्हणून सकाळी गोवरी घेऊन शेजाऱ्याकडे विस्तव मागायला जात. शेजारी म्हणे, "तुमच्या सत्याग्रहाची काडी मीच इकत आणून राह्यलो, बाबा." हे म्हणत, "मंग तूबी सोड!" आणि विस्तव घेऊन घरी येत. ग्रामपंचायतीची घरपट्टी मात्र दरवर्षी गावात सगळ्यांच्या आधी यांची. तो पैसा नळाला लागतो, त्याशी यांचं भांडण नाही.

चिखलीच्या बाजारात एका दुकानदाराला त्यांची दया आली. म्हणाला, "बाबा, बिल नका घेऊ, म्हणजे कर लागत नाई." झालं! व्याही भर बाजारात भडकले. "मी चोर आहो काय बे? न सांगता बुडवते तो चोर. मी सांगून देत नाई. बिल बनव, त्यावर कर लिह्य, अन् साबण तुह्यापाशीच ठेव!" त्यानं खरंच बिल बनवलं. ते बिल खिशात घालून, साबण तिथंच ठेवून हे एसटीत बसले. दर महिन्याला एक पोस्टकार्डही लिहीत. अक्षर मोत्यासारखं, पण पत्ता काय, तर 'तोफा घेणारे साहेब, दिल्ली'. एवढं मोठं खातं पोस्टमनला ठाऊक नसेल काय, हा त्यांचा सवाल.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण माझा पोरगा फौजेत आहे. त्याचा वर्दीतला फोटो मी दारात लावलाय, आल्यागेल्याला आधी तो दिसतो. एकदा मी व्याह्यांना तोंडावर म्हणालो, "तुम्ही तुमच्याच जावयाच्या पोटावर पाय देऊन राह्यले."

"त्याच्या नाई, तोफेच्या. त्याच्या हातात बंदूक हाय तेवढी पुरे."

"मंग या घराची पायरी चढू नका!"

मी बोललो म्हणजे बोललो. दोन वर्षं ते आले नाहीत. सून मला चहा देताना कप जरा जोरात ठेवायची.

मग एका दुपारी माझ्या बायकोचा दमा उसळला. गावातल्या दवाखान्याला कुलूप. डॉक्टरची जागा आहे, डॉक्टर नाही. भाजीच्या गाडीत मेथीच्या जुड्यांवर टेकवून तिला चिखलीला नेलं, तेव्हा जीव राहिला. तिथं बाकड्यावर बसलो होतो, तर सुनेनं पिशवीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. तिच्या बापाचीच कार्डं, पत्ता अपुरा म्हणून तिच्या माहेरी परत आलेली. पोरीनं तिथून आणून जपून ठेवलेली. मी वरचं कार्ड अक्षर अक्षर लावून वाचलं.

'साहेब, माझा जावई सीमेवर उभा आहे. घरी त्याची माय दम्यानं बेजार आहे आणि तिच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. माय गेली तर तो राखण कोणाची करील? एक तोफ कमी घ्या.'

दुसरं कार्ड वाचलं. त्यातही तेच. मी ज्याला पोराचा दुश्मन समजलो, तो दर महिन्याला माझ्या बायकोसाठी दिल्लीला लिहीत होता.

तेवढ्यात पोरीचा निरोप मिळून व्याही आले, एसटीनं, हातात पितळी डबा. माफी मागायची मला सवय नाही. मी बाकड्यावर सरकून जागा केली. त्यांनी डब्यातलं गूळ-आल्याचं पाणी झाकणात ओतून पुढे केलं. मी प्यालो.

"लई तिखट हाय हो."

"तोफेहून कमीच."

आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून दर महिन्याला ते आमच्या ओसरीवर येऊन सांगतात आणि मी लिहितो. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण पत्ता मी पोस्टात विचारून बरोबर करून घेतलाय. खाली दोघांच्या सह्या, वरची माझी. मी चहा सोडलेला नाही, ते मला जमणार नाही, आणि पोराचा फोटो दारातच आहे. कार्ड आता परत येत नाही. उत्तरही येत नाही. दवाखान्याचं कुलूप तेच आहे.

परवा सही करता करता ते म्हणाले, "इवाईबुवा, मी गेल्यावर बंद नका करू."

मी म्हणालो, "आधी माह्या घरचा एक कप चहा पिऊन दाखवा, मंग पाहू."

सुनेनं खरंच कप आणून ठेवला. ते कपाकडे बघून बराच वेळ हसले. प्याले मात्र नाहीत. चहा निवत गेला, आणि कार्ड घेऊन पेटीत टाकायला मीच उठलो.